रजिस्टरातले कोरे रकाने : गरीब देशात महासाथ नेमके काय करते

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातल्या एका उपकेंद्रातले लसीकरणाचे रजिस्टर मी काही वर्षांपूर्वी पाहिले होते. पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, एका कडेला पाण्याचा डाग, आडव्या ओळींत बाळांची आणि त्यांच्या आयांची नावे, उभ्या रकान्यांत लसी. मार्च २०२० पर्यंतच्या तारखा निळ्या शाईत ओळीने लिहिलेल्या होत्या. एप्रिल आणि मे या महिन्यांतली तारीख शोधूनही सापडत नव्हती. ज्या बाळांचा दीड महिन्याचा, अडीच महिन्यांचा डोस त्या काळात यायचा होता, त्यांच्या नावापुढचे रकाने कोरे होते. त्या दोन महिन्यांत त्या उपकेंद्राच्या हद्दीत करोनाचा एकही रुग्ण सापडलेला नव्हता, असे तिथल्या नर्सबाईंनीच सांगितले. विषाणू तिथवर पोहोचण्याआधीच त्याने त्या बाळांची लस चुकवली होती.

महासाथीचा हिशेब आपण सहसा बाधित किती, बरे किती आणि मृत किती एवढ्यावरच करतो. हे कोरे रकाने त्या हिशेबात कुठेच बसत नाहीत. श्रीमंत देशात ते न बसल्याने फार बिघडत नाही, कारण तिथे चुकलेली लस पुढच्या महिन्यात टोचली जाते आणि चुकलेली तपासणी नंतर होते. आरोग्यव्यवस्था मुळातच तोकडी असलेल्या देशात मात्र खरे नुकसान बहुधा याच रकान्यांत असते, आणि ते आजाराच्या आकड्याइतके किंवा त्याहून मोठेही निघते. असे का होते, हे या लेखात टप्प्याटप्प्याने पाहायचे आहे.

आधी ‘गरीब देश’ म्हणजे काय ते स्पष्ट करायला हवे. जागतिक बँक देशांची विभागणी दरडोई उत्पन्नावर करते. महासाथीच्या पहिल्या वर्षात ज्या देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न १,०३५ डॉलर किंवा त्याहून कमी, म्हणजे तेव्हाच्या भावाने पाऊण लाख रुपयांच्या आसपास होते, तो ‘अल्प उत्पन्न’ गटात धरला जात होता. भारत या गटात नाही. तो त्याच्या वरच्या पायरीवर आहे. सिएरा लिओन, लायबेरिया, मलावी, युगांडा, कांगोचे लोकशाही गणराज्य (पुढे नुसते ‘कांगो’), दक्षिण सुदान हे देश त्या गटातले. अशा देशांत एका माणसाच्या आरोग्यावर सगळे मिळून वर्षाला सरासरी चाळीस डॉलरच्या आसपास खर्च होतो आणि त्यातलाही मोठा वाटा रुग्ण स्वतःच्या खिशातून भरतो. तरीही खान्देशातल्या वाचकाला हे देश अगदी परके वाटू नयेत. जळगाव किंवा धुळे शहरातून निघून शहादा ओलांडले आणि तोरणमाळच्या किंवा मोलगीच्या घाटाला लागले, की डॉक्टर, रस्ता आणि वीज या तिन्ही गोष्टी विरळ होत जातात. फरक एवढाच की आपल्याकडे घाट उतरला की जिल्हा रुग्णालय आहे, आणि त्या देशांत पुष्कळदा घाट उतरल्यावरही काही नसते.

तोकडी आरोग्यव्यवस्था ही लहान घोंगड्यासारखी असते. डोके झाकायला वर ओढले की पाय उघडे पडतात. आपल्या नियमाप्रमाणे मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते आणि तिथे प्रामुख्याने एक नर्सबाई सगळे सांभाळते. गरोदर बाईचे वजन आणि रक्तदाब पाहणे, लोहाच्या गोळ्या देणे, अडलेल्या बाईसाठी गाडी बोलावणे, ठरल्या दिवशी बर्फाच्या पिशव्या घातलेला लसींचा निळा डबा खांद्याला अडकवून पाड्यावर जाणे, क्षयाच्या रुग्णाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणे, हिवतापासाठी रक्ताचा नमुना घेणे, ही सगळी कामे तिच्याच दोन हातांनी होतात. साथ आली की तिलाच नाक्यावर तापमान मोजायला, घरोघरी सर्वेक्षणाला आणि विलगीकरण केंद्रावर नेमले जाते. ही नेमणूक चुकीची असते असे मुळीच नाही. साथीला माणूस लागतोच. पण त्या दिवशी आधीची सहा-सात कामे कोण करणार, याचे उत्तर व्यवस्थेकडे नसते, कारण जादा माणूस कधी ठेवलेलाच नसतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसले ते पश्चिम आफ्रिकेत, २०१४ ते २०१६ या काळात. तिथली इबोलाची साथ काटेकोर अर्थाने महासाथ नव्हती. ती मुख्यतः गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन शेजारी देशांत राहिली. पण दुबळ्या व्यवस्थेवर मोठी साथ कोसळली म्हणजे काय होते, याचा अभ्यास तिथे जितका नीट झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. तिन्ही देशांत मिळून २८,६०० हून अधिक लोकांना इबोला झाला आणि ११,३०० हून अधिक लोक मरण पावले. इबोला रुग्णाच्या घामा-रक्ताच्या, उलटी-जुलाबाच्या स्पर्शातून पसरतो, त्यामुळे त्याचा पहिला घाला शुश्रूषा करणाऱ्यांवर पडतो. साथीपूर्वी चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या लायबेरियात डॉक्टर जेमतेम पन्नासच्या आसपास होते. साथीत त्या देशाने आपल्या डॉक्टर, परिचारिका आणि सुइणींपैकी सुमारे ८ टक्के गमावले, तर सिएरा लिओनने सुमारे ७ टक्के. सिएरा लिओनमध्ये इबोलावरच्या उपचारांचे नेतृत्व करणारे डॉ. शेख उमर खान हे स्वतः त्याच रोगाने २९ जुलै २०१४ रोजी गेले. शंभर परिचारिकांतल्या सात-आठ गेल्या तर उरलेल्या ब्याण्णवांवर काम वाढते, एवढाच याचा अर्थ होत नाही. उरलेल्यांपैकी अनेकींना कामावर जाण्याची भीती वाटते, काही केंद्रे बंद पडतात, आणि ज्या गावात एकच सुईण होती तिथे ती गेल्यावर मागे कोणीच राहत नाही.

दुसरा धक्का रुग्णांच्या बाजूने बसला. इबोलाची सुरुवात तापाने होते आणि हिवतापाचीही तापानेच. ताप घेऊन दवाखान्यात गेलो तर इबोलाच्या वॉर्डात टाकतील, किंवा तो नसला तरी तिथेच लागेल, अशी भीती गावोगाव पसरली. बाळंतपणासाठी रुग्णालयात येणाऱ्या बायकांची संख्या घटली. आपल्याकडेही ही भीती मी ऐकली आहे. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातल्या एक वृद्ध काकू तापाने फणफणल्या असताना दवाखान्याचे नाव काढू देत नव्हत्या. ‘दवाखानामा गया मानूस घर येत नही’, एवढे एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण त्या वेळी जळगाव जिल्ह्यात करोनाचा मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक होता आणि त्या रोज तेच ऐकत होत्या. त्यांची भीती ऐकीव असली तरी निराधार नव्हती. व्यवस्था दुबळी असली की लोक तिच्यापासून दूर पळतात, उशिरा येतात, उशिरा आलेले अधिक मरतात, आणि ते पाहून पुढचे आणखी उशिरा येतात.

या सगळ्याचा हिशेब नंतर मांडला गेला. सिएरा लिओनमध्ये साथीच्या काळात गर्भवती आणि बाळंतिणींच्या सेवा जितक्या घटल्या, त्यावरून संशोधकांनी काढलेला अंदाज असा, की २०१४-१५ या एका वर्षात माता, नवजात बाळे आणि मृत जन्मलेली बाळे मिळून सुमारे ३,६०० जादा मृत्यू झाले, आणि हा अंदाज कमीत कमी धरलेला आहे. त्या देशात इबोलाने थेट घेतलेले बळी ३,९५६ आहेत. म्हणजे दर इबोलाबळीमागे जवळपास आणखी एक जीव असा गेला, ज्याला इबोला झालाच नव्हता. हिवताप, क्षय आणि एचआयव्ही यांच्या उपचारांत पडलेल्या खंडामुळे तिन्ही देशांत सुमारे १०,६०० जादा मृत्यू झाले असावेत, असा दुसरा अंदाज आहे, आणि तो इबोलाच्या एकूण बळींच्या अगदी जवळ जातो. अंदाज हे अंदाजच असतात, पण वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले दोन अंदाज एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा ते गांभीर्याने घ्यावे लागतात.

यावर उपाय नव्हता असेही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सिएरा लिओनमध्ये घरोघरी जाऊन सुमारे २४ लाख लोकांना, ताप असो वा नसो, हिवतापाची गोळी दिली गेली. हिवतापाचा ताप कमी झाला की इबोलाचा संशय कमी, दवाखान्यावरचा भार कमी आणि हिवतापाने होणारे मृत्यूही कमी, असा तो सरळ विचार होता. रुग्णाने दवाखान्यात येण्याची वाट न पाहता औषधच त्याच्या दारात नेणे, हे दुबळ्या व्यवस्थेला जमण्यासारखे काम आहे. आपल्या आशाताई वर्षानुवर्षे तेच करत आल्या आहेत.

गोवराचे उदाहरण आणखी बोलके आहे. कांगोच्या पूर्व भागात २०१८ ते २०२० या काळात इबोलाची मोठी साथ होती, जगभरातून पैसा आणि पथके तिथे गेली, आणि त्या साथीत सुमारे २,३०० माणसे गेली. त्याच काळात त्याच देशात गोवर पसरला होता. त्याने जानेवारी २०२० पर्यंत ६,००० हून अधिक बळी घेतले आणि त्यांतली बहुसंख्य मुले होती. गोवराची लस अनेक दशकांपासून उपलब्ध आहे आणि ती स्वस्तही आहे. पण गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. म्हणून त्याला रोखायला शंभरातल्या सुमारे ९५ मुलांना लस मिळालेली असावी लागते. दोन महिने सत्रे बंद राहिली की हे प्रमाण खाली येते, आणि त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. लस चुकलेली मुले वर्ष-दोन वर्षे ठणठणीत दिसतात, त्यांची संख्या गुपचूप वाढत जाते आणि मग एके दिवशी एक ठिणगी पुरते. महाराष्ट्रात २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवराचा जो उद्रेक झाला, त्याची मुळे याच चुकलेल्या सत्रांपर्यंत जातात. जगभरात २०२० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख मुलांच्या मूलभूत लसी राहिल्या आणि २०२१ मध्ये हा आकडा २ कोटी ५० लाखांवर गेला.

क्षयरोगाचे तसेच झाले. २०१९ मध्ये जगात ७१ लाख नव्या रुग्णांची नोंद झाली होती, ती २०२० मध्ये ५८ लाखांवर आली. हा आकडा वरवर पाहता आनंदाचा वाटतो, पण क्षय कमी झाला नव्हता, शोधणारे कमी झाले होते. निदान न झालेला रुग्ण घरात खोकत राहिला, घरातल्यांना आजार देत राहिला, आणि त्या वर्षी क्षयाने होणारे मृत्यू दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. हिवतापानेही २०२० मध्ये आदल्या वर्षापेक्षा अंदाजे ६९,००० अधिक माणसे गेली आणि त्यांतले दोन तृतीयांश मृत्यू सेवा विस्कळीत झाल्यामुळे झाले, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे.

आता प्राणवायूकडे वळतो, कारण करोनाच्या थेट मृत्यूंचे सारे गणित त्याच्याशी बांधलेले होते. एप्रिल २०२० मध्ये आफ्रिकेतल्या दहा देशांत एकही व्हेंटिलेटर नव्हता आणि सव्वा कोटीच्या आतबाहेर वस्तीच्या दक्षिण सुदानमध्ये चार होते, याची तेव्हा खूप चर्चा झाली. माझ्या मते व्हेंटिलेटरची चर्चा गरजेपेक्षा जास्त झाली आणि साध्या प्राणवायूची कमी. श्वास लागलेल्या बहुतेक रुग्णांना यंत्र नको होते; नाकाशी नळीतून किंवा मास्कमधून येणारा प्राणवायू वेळेवर मिळाला असता तर त्यांतले पुष्कळ वाचले असते.

हे गणित एकदा कागदावर करून पाहावे. रुग्णालयात दिसतो तो मोठा, जंबो सिलिंडर भरलेला असताना त्यातून सुमारे ७,००० लिटर प्राणवायू मिळतो. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो सिलिंडर ७०० मिनिटे, म्हणजे पावणेबारा तासांच्या आत संपतो. असे २० रुग्ण असले तर दर ३५ मिनिटांनी एक आणि दिवसाला ४१ सिलिंडर लागतात. जास्त प्रवाहाने प्राणवायू देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ६० लिटर वेगाने, तोच सिलिंडर दोन तासही टिकत नाही. आता हे ४१ सिलिंडर भरून आणणारा टेम्पो दीडशे-दोनशे किलोमीटर दूरच्या कारखान्यातून येत असेल, वाटेत घाट असेल आणि कारखान्याच्या दारात दहा जिल्ह्यांच्या गाड्या रांगेत उभ्या असतील, तर एप्रिल २०२१ मध्ये देशभर जे झाले ते का झाले, हे उलगडून सांगण्याची गरज उरत नाही.

नंदुरबारने इथे वेगळी वाट धरली होती. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, शिक्षणाने स्वतः डॉक्टर. पहिली लाट ओसरत असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये, जिल्ह्यात हवेतून प्राणवायू तयार करणारा पहिला प्रकल्प उभा राहिला आणि दुसरी लाट येण्याच्या सुमारास त्यात भर पडली. त्या पहिल्या प्रकल्पाची क्षमता मिनिटाला ६०० लिटर होती, म्हणजे वरच्या हिशेबाने एका वेळी ६० रुग्णांची सोय. हा प्रकल्प हवा दाबाखाली एका विशिष्ट खनिजातून सोडतो, खनिज नायट्रोजन धरून ठेवते आणि पुढे नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू जातो. त्याला टँकर लागत नाही, पण अखंड वीज लागते, गाळण्या वेळेवर बदलाव्या लागतात, आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस जवळ असावा लागतो. गरीब देशांना महासाथीत मदत म्हणून पाठवलेली अनेक यंत्रे याच तीन गोष्टींवाचून पडून राहतात. यंत्र देणाऱ्याचा फोटो निघतो, पण गाळणीचे पैसे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कोणी लिहिलेले नसतात.

टाळेबंदीचा परिणाम यापेक्षा वेगळ्या जातीचा होता. घरी राहा, हा सल्ला ज्याचा पगार महिन्याला बँकेत जमा होतो त्याच्यासाठी गैरसोयीचा होता. रोज मजुरी मिळाली तरच रोज चूल पेटते अशा माणसासाठी तो जवळजवळ अशक्य होता. श्रीमंत देशांच्या सरकारांनी कर्ज काढून लोकांच्या खात्यात पैसे घातले. अल्प उत्पन्नाच्या देशांना तसे कर्ज स्वस्तात मिळत नाही, आणि बहुसंख्य लोक कोणत्याच नोंदवहीत कामगार म्हणून नसल्यामुळे पैसे द्यायचे ठरवले तरी ते पोहोचवायचे कोणाकडे, हा प्रश्न उरतो. सातपुड्यातली कुटुंबे ऊसतोडीहून आणि गुजरातेतल्या कामांवरून होळीला घरी येतात व होळीनंतर पुन्हा कामाच्या शोधात उतरतात. २०२० ची होळी ९ मार्चला होती आणि टाळेबंदी २५ मार्चला लागली. कोणी नुकतेच परत कामावर पोहोचले होते, कोणी वाटेत होते. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे, शिरपूर, पळासनेर ओलांडून मध्य प्रदेशच्या सीमेकडे चालत निघालेली माणसे त्या एप्रिल-मेमध्ये इथल्या अनेकांनी पाहिली. शिरपूरच्या पुढे रस्त्याकडेच्या निंबाखाली एक बाई लहान मुलाच्या पायाला प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधत होती, कारण त्याची चप्पल तुटली होती आणि डांबर तापले होते. गावातल्या लोकांनी पाणी, भाकरी, केळी दिली. रावेर-यावल पट्ट्यात त्या दिवसांत केळीला गिऱ्हाईकच नव्हते, त्यामुळे केळी मात्र भरपूर होती.

शाळांचे नुकसान मोजायला वर्षे लागतील. युगांडात मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडल्या त्या १० जानेवारी २०२२ रोजी, जगातल्या सर्वांत लांब शाळाबंदीपैकी ती एक होती. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या वेळी शाळा सुमारे नऊ महिने बंद होत्या, त्या काळात अनेक किशोरवयीन मुली गरोदर राहिल्या, आणि शाळा उघडल्यावर गरोदर मुलींना वर्गात बसण्याची बंदी घातली गेली. ती बंदी उठायला मार्च २०२० उजाडले. एका विषाणूने त्या मुलींचे पाच वर्षांचे शिक्षण घेतले, असे म्हणता येईल, पण बंदी विषाणूने घातली नव्हती.

आफ्रिकेतल्या गरीब देशांत करोनाचे नोंदलेले मृत्यू युरोप-अमेरिकेपेक्षा कमी का, हा प्रश्न वाचकाच्या मनात आलाच असेल. त्याचे एक खरे कारण वय हे आहे: करोना म्हाताऱ्यांना अधिक मारतो आणि आफ्रिकेत निम्मी लोकसंख्या विशीच्या आतली आहे. दुसरे कारण मात्र मोजणीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या दर दहा मृत्यूंपैकी चार कुठेच नोंदले जात नाहीत, आणि तिच्या आफ्रिका विभागात तर दहांपैकी एकाच मृत्यूची नोंद होते. झांबियाची राजधानी लुसाका इथे २०२० मध्ये संशोधकांनी शवागारातल्या ३६४ मृतदेहांची तपासणी केली, तेव्हा दर पाच-सहा मृतांमागे एकात करोनाचा विषाणू आढळला. त्यांतल्या बहुतेकांची जिवंतपणी चाचणीच झालेली नव्हती. पुष्कळ जण घरीच गेले होते. आपल्या देशापुरते बोलायचे तर २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नोंदलेले करोनामृत्यू सुमारे ४ लाख ८१ हजार होते, तर जागतिक आरोग्य संघटनेचा जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाखांचा होता. भारत सरकारने तो अंदाज आणि त्याची पद्धत दोन्ही नाकारली. या वादाचा निकाल लागावा यासाठी लागणारी गोष्ट एकच, ती म्हणजे गावागावातली वेळेवर आणि कारणासह केलेली मृत्युनोंद. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतही हेच झाले होते. तेव्हा हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली असे आज मानले जाते, पण गावपातळीवर त्यांतल्या बहुतेकांच्या नावापुढे ‘ताप’ एवढेच कारण लिहिले गेले.

लसीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण ती आपल्या पुण्यातून जाते. गरीब देशांना लस मिळावी म्हणून उभारलेल्या कोव्हॅक्स या जागतिक व्यवस्थेची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानात उतरली. त्या ६ लाख मात्रा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाल्या होत्या. संपूर्ण योजना बऱ्याच अंशी त्या एका कारखान्यावर उभी होती. महिन्याभरात आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि लसीची निर्यात थांबली. कोव्हॅक्सला ती पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. आपल्या रुग्णालयांत जागा नव्हती, तेव्हा आपल्याच माणसांना आधी लस मिळावी हे समजण्यासारखे होते. पण पहिली मात्रा घेतलेले आफ्रिकेतले आरोग्य कर्मचारी दुसरीची वाट पाहत राहिले, हेही तितकेच खरे आहे. मलावीला आफ्रिकी संघाकडून मार्चअखेर मिळालेल्या लसींची मुदत १३ एप्रिलला संपत होती. अडीच-तीन आठवड्यांत खेड्यापाड्यांपर्यंत जाऊन, लोकांची शंका दूर करून, एक लाखाहून अधिक मात्रा टोचायच्या होत्या. बहुतेक टोचल्या गेल्या, उरलेल्या १९,६१० मात्रा सरकारने मे महिन्यात जाहीरपणे जाळल्या. मुदत संपलेली लस कोणाला दिली जाणार नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे, हा त्यामागचा हेतू होता. ज्या देशाला लसीची सर्वांत जास्त गरज होती, त्याला लस मिळाली ती तिचे दिवस भरत आल्यावर.

मी रजिस्टर पाहिले त्या उपकेंद्राच्या नर्सबाईंना विचारले की त्या कोऱ्या रकान्यांचे पुढे काय झाले. पावसाळ्यात सत्रे पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी आणि दोन आशाताईंनी वहीतली नावे वेगळ्या कागदावर उतरवून घेतली होती, आणि नाले भरलेले असताना पाड्यापाड्यावर जाऊन एकेक बाळ शोधले होते. बहुतेक सापडली. वहीत त्यांच्या नावापुढे उशिराच्या तारखा लाल शाईत आहेत. काही कुटुंबे तोवर पुन्हा गुजरातेत कामावर गेली होती. त्या ओळींवर त्यांनी पेन्सिलने ‘स्थलांतरित’ असे लिहिले होते. पेन्सिल का, असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या की होळीला ती माणसे परत येतील, तेव्हा खोडून तारीख लिहिता यावी म्हणून.